खडकी विरुद्ध पाषाण

आमच्या शनिवार पेठेतल्या इमारतीत तळमजल्यावर खडकी राहते आणि दुसऱ्या मजल्यावर पाषाण. म्हणजे खालचे काका खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले आणि वरचे काका पाषाणच्या एआरडीई या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेतून. एकाची हयात काडतुसांत गेली, दुसऱ्याची ती उडवणाऱ्या हत्यारांत. खडकीचा कारखाना १८६९ सालचा आणि एआरडीई १९५८ सालची, त्यामुळे खडकीकाका पाषाणकाकांना अजून उमेदवारीतला पोरगा समजतात. मधल्या मजल्यावर आम्ही. अशा घरात भाच्यानं दिवाळीला टिकल्यांची रायफल आणावी, हे आमच्या पत्रिकेतच असणार.

खोक्यावर ठसठशीत अक्षरांत ‘सेमी-ऑटोमॅटिक’. आत लाल कागदाचा रोल घालायचा, टोक घोड्याखालून वर काढायचं, झाकण लावायचं आणि चाप ओढत सुटायचं. प्रत्येक वेळी आतला पत्र्याचा दाता पट्टी एक टिकली पुढे ढकलणार आणि घोडा तिच्यावर आपटणार, अशी योजना. आमची पहिली टिकली वाजली, दुसरी फुसकली आणि त्यानंतर घोडा दोन टिकल्यांमधल्या कोऱ्या कागदावर मन लावून आपटत राहिला. झाकण उघडलं तर पट्टी पुढे जायचं सोडून आतच चुण्या पाडून बसलेली.

“मामा, रायफल जाम झाली!” भाचा जिन्यात ओरडला. आमच्या जिन्यात हे असं ओरडायचं नसतं. खालचं दार उघडलं. वरचंही.

खडकीकाकांनी रोल उजेडात धरला. “दारूत दोष नाही. टिकल्या समान अंतरावर आहेत. दाता घसरतोय. हत्यारच भिकार.”

“दाता काय करील?” पाषाणकाका कठड्यावरून म्हणाले. “परतीचा पाऊस नुकताच होऊन गेलाय, मुठा हाकेच्या अंतरावर. कागद सर्दावलाय. मऊ पट्टीला दात्यानं धरायचं कुठं? आणि हिला सेमी-ऑटोमॅटिक कोण म्हणालं? त्यात उडालेल्या गोळीचा गॅस बोल्ट मागं ढकलतो, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, स्प्रिंग बोल्ट पुढं आणते आणि येता येता मॅगझिनमधली नवी गोळी चेंबरमध्ये जाते. माणसानं फक्त चाप ओढायचा. इथं सगळं बोटच करतंय!”

भाच्यानं बोट चोळत दुजोरा दिला.

मी वाचणारा माणूस, तेव्हा मध्ये पडणं आलंच. म्हटलं, हा रोग जुना आहे. एडवर्ड मेनार्ड नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं १८४५ साली अशाच टिकल्यांच्या कागदी पट्टीचं पेटंट घेतलं. बार उडवायला दर वेळी बोटानं टोपी बसवायची कटकट वाचेल, हा हेतू. अमेरिकी लष्करानं ती पट्टी १८५५च्या स्प्रिंगफील्ड रायफलीत घातली. दमट हवेत ती दगा देऊ लागली आणि १८६१च्या नमुन्यातून तिला हाकलून दिलं. माणसानं दाढा उपटत राहायला हवं होतं, इतकंच मला सुचवायचं होतं. पण खडकीकाका म्हणाले, “पाहा, यंत्रणा चुकली!” आणि त्याच क्षणी पाषाणकाका म्हणाले, “पाहा, कागद सर्दावला!” विद्वत्तेचा उपयोग आमच्या इमारतीत हा असा होतो.

मग खडकीकाकांनी ठेवणीतलं काडतूस काढलं. “१९९९. कारगिल. इन्सास रायफलींच्या मॅगझिनना थंडीत तडे गेल्याच्या तक्रारी आल्या होत्या की नाही?”

जिना गारठला. इन्सासचं डिझाइन एआरडीईचं. आता यंदा चकल्यांची ताटं वरखाली जात नाहीत, असं मी धरूनच चाललो. पाषाणकाका घरात गेले ते कानस घेऊनच आले. “मॅगझिन तडकलं तर मॅगझिन सुधारायचं. नव्या हत्याराला धारा राहतात, त्या काढाव्या लागतात. तुमच्यासारखं पेटी सीलबंद करून हात झटकता येत नाहीत आम्हाला.” असं म्हणून त्यांनी जिन्यात बसूनच दाता घासायला घेतला. रोल खडकीकाकांच्या ताब्यात गेला. त्यांनी तो सुटा करून सावलीत, वाऱ्याला ठेवला आणि शेजारी स्वतः पहारा दिला. उन्हात ठेवा म्हणणाऱ्या माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं खडकीत उमेदवार पळून जात असावेत.

संध्याकाळी चाचणी झाली. ओळीनं काही टिकल्या वाजल्या, दोघांनी आपापल्या दिशेला मान डोलावली, आणि पट्टी पुन्हा अडकली. आता दोष स्प्रिंगचा की गुंडाळीच्या घट्टपणाचा, यावर दोन्ही संस्था हिरिरीनं बोलू लागल्या.

भाचा मात्र कंटाळला होता. त्यानं रोल बाहेर ओढला, अंगणातल्या फरशीवर पसरला, कुंडीमागचा दगड उचलला आणि एकेक टिकली ठोकत सुटला. ठो, ठो, ठो. एकही चुकली नाही.

“ऐकलंत?” खडकीकाका गरजले. “दारू निर्दोष!”

वरून शांतपणे उत्तर आलं, “दगडाचं डिझाइन चांगलं आहे.”