पंप जळालेला नव्हता, साहेब

(एका डिशवॉशर कंपनीच्या सेवाप्रमुखांना खुले पत्र)

सेवाप्रमुख साहेब,

तुमच्या माणसाने माझ्या डिशवॉशरला दिलेला मृत्यूचा दाखला अजून माझ्याकडे आहे. "ड्रेन पंप आणि पीसीबी निकामी. पार्ट उपलब्ध नाही. मशीन बदलणे योग्य." खाली सही, शिक्का आणि तपासणी फी मिळाल्याची पावती.

ते मशीन आज माझ्या स्वयंपाकघरात चालू आहे. पंप तोच, पीसीबी म्हणजे सर्किट बोर्डही तोच. पंपातून निघाला तो करंगळीच्या नखाएवढा काचेचा तुकडा आणि त्याच्याभोवती अडकलेली मोहरी. हे तुम्हाला ईमेलने कळवलं असतं, तर मला तक्रार क्रमांक मिळाला असता आणि पाठोपाठ तक्रार सोडवल्याचा मेसेज. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. तुमच्या कंपनीची मशीनं घरात असलेल्या इतरांनीही हे वाचावं.

तुमचा माणूस आला तेव्हा मशीनच्या तळाशी चार बोटं घाण पाणी साचलं होतं. त्याने पॅनेलवरचा कोड वाचला, मोबाइलमध्ये काहीतरी भरलं आणि एक्स्चेंज ऑफर सांगायला सुरुवात केली. टूलबॅगची चेनसुद्धा उघडली नाही. खालची जाळी उचलून बघितली नाही, मल्टिमीटर लावला नाही. त्या मुलावर माझा राग नाही. दिवसाला किती घरं उरकायची आणि नवं मशीन खपवलं तर पदरात किती पडायचं, हे तो ठरवत नाही. ते तुमच्या केबिनमध्ये ठरतं.

आधी त्या कोडचं बघू. पाणी बाहेर जात नाही, एवढंच तो कोड सांगतो. का जात नाही, ते शोधायला माणूस पाठवायचा असतो. आणि हे पाणी अडल्याचं ओळखून कोड दाखवला कोणी? पीसीबीने. म्हणजे ज्या पीसीबीने आपलं काम चोख केलं, त्यालाच तुम्ही निकामी ठरवलंत. त्याची तपासणी केली असतीत आणि तो खरंच गेलेला निघाला असता, तर मी एका शब्दाने बोलले नसते. तपासणी न करता तपासणीचे पैसे घेतलेत, तक्रार त्याची आहे.

आता मी काय केलं ते सांगते. त्यात माझी काही मर्दुमकी नाही, कारण ही कृती तुमच्याच वापरपुस्तिकेत चित्रांसकट छापलेली आहे. प्लग काढला, पाण्याचा कॉक बंद केला. खालचं बास्केट बाहेर काढलं. मधली गोल जाळी फिरवून उचलली आणि तिच्याखालची बारीक जाळीही. साचलेलं पाणी आधी वाटीने आणि मग स्पंजने उपसलं. तळाच्या खळग्यात एका बाजूला पंपाचं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. चमच्याच्या दांड्याने ते उचकटलं की ते आत ओढून घेता येतं. त्याच्यामागे ड्रेन पंपाचा छोटा पंखा असतो. तिथे बोट घालताना जाड हातमोजा हवाच, कारण आत काच असू शकते. माझ्या मशीनमध्ये होतीच.

तुकडा निघाल्यावर पंखा बोटाने फिरवून पाहिला. तो सुळकन फिरत नाही, टप्प्याटप्प्याने झटके देत फिरतो. हे मुद्दाम लिहिते, कारण इथेच माणूस घाबरतो आणि पंप गेला असं समजून बसतो. या पंपात कायमचुंबक असतो आणि त्याच्या ओढीमुळे पंखा असा अडखळत फिरतो. चांगल्या पंपाचं ते लक्षण आहे. हलतच नसेल, तर काहीतरी अडकलं आहे. खात्री हवी असेल, तर प्लग काढलेला असतानाच पंपाच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावावा. चांगल्या पंपाची कॉइल साधारण शंभर-दोनशे ओमच्या घरात दाखवते. कॉइल तुटली असेल, तर मीटर काहीच दाखवत नाही. तुमच्या माणसाला याला पाच मिनिटं लागली असती.

झाकण बसवताना 'टक्' असा आवाज आला पाहिजे. तो आला नाही, तर पाणी नीट खेचलं जात नाही आणि पुन्हा तोच कोड येतो. जाळ्यांचंही तसंच. गोल जाळी शेवटपर्यंत फिरवून बसवली नाही, तर फटीतून मोहरी, जिरं, कोथिंबिरीच्या काड्या आत शिरतात आणि स्प्रे आर्मच्या भोकांत जाऊन बसतात. मग वरच्या बास्केटमधल्या वाट्या तेलकट निघतात आणि तुमचं कॉल सेंटर महागडी टॅब्लेट घ्या म्हणतं. स्प्रे आर्म हातानेच निघतो. नळाखाली धरून दोन-चारदा हलवला की आत मोहरीचा खुळखुळ आवाज येतो, आणि टूथपिकने भोकं मोकळी करता येतात. फोडणी घालणाऱ्या प्रत्येक घराला मशीन विकताना ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायला तुम्हाला कोणी मनाई केली होती?

पाणी नळापासून गटारापर्यंत कसं जातं, तेवढं ध्यानात ठेवलं तर घरच्या माणसाला निम्मं निदान स्वतः करता येतं. मशीन पाणीच घेत नसेल, तर इनलेट पाइपच्या तोंडाशी असलेली छोटी जाळी बघावी. टँकरच्या पाण्यातली रेती आणि पाइपमधला गंज तिथे साचतो. जाळी स्वच्छ असूनही पाणी हळू येत असेल, तर दाब मोजावा. बहुतेक मशीनांना किमान अर्धा बार दाब लागतो, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळापासून पाच मीटर तरी उंच हवं. सगळ्यात वरच्या मजल्यावर तेवढी उंची मिळत नाही. तिथे मशीनचा दोष नसतो, छोटा प्रेशर पंप लागतो. भरलेलं पाणी आपोआप निघून जात असेल, तर ड्राय बाल्कनीत डोकावावं. ड्रेन पाइप सरळ जमिनीवरच्या जाळीत सोडलेला असतो, आणि सायफनने मशीन रिकामं होत राहतं. पाइप आधी वर चढवून मग खाली सोडायचा असतो. बसवायला आलेला माणूसही तुमचाच असतो, हे इथे नोंदवून ठेवते.

मशीन सुरूच होत नसेल आणि ड्रेन पंप सारखा घुरघुरत असेल, तर तळाच्या ट्रेमध्ये पाणी उतरलेलं असतं. तिथला तरंगणारा थर्माकोलचा तुकडा वर येऊन स्विच दाबतो. मशीन तिरकं करून पाणी काढलं की ते चालू होतं, पण गळती कुठे आहे ते शोधल्याशिवाय वापरू नये. ट्रेच्या पत्र्याच्या कडा धारदार असतात. पाणी आणि वीज एकत्र असलेल्या यंत्रात प्लग जोडलेला असताना काहीही उघडायचं नाही, याला अपवाद नाही. दाराचा स्विच शॉर्ट करून मशीन चालवून बघण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

आता जड पाण्याबद्दल. पुण्याची उपनगरं बोअर आणि टँकरवर जगतात, आणि दख्खनच्या काळ्या कातळातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर असतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० म्हणतं की कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल. डिशवॉशरमधलं रेझिन हे क्षार शोषून घेतं आणि मशीनमध्ये भरलेलं मीठ रेझिनला पुन्हा ताजं करतं. पण मशीनला पाणी किती जड आहे ते आधी सांगावं लागतं, आणि तुमच्या पुस्तिकेतलं कोष्टक जर्मन अंशांत आहे. आपल्याकडची प्रयोगशाळा मिलिग्रॅममध्ये अहवाल देते. त्या आकड्याला १७.८ ने भागायचं, एवढी एक ओळ तुम्ही मराठीत किंवा हिंदीत छापली नाहीत. २०० चे ११ अंश होतात, ६०० चे जवळपास ३४. हा आकडा न भरता मशीन कारखान्यातल्या सेटिंगवर चालत राहिलं, की ग्लासांवर पांढरा थर येतो, हीटरवर क्षार चढतात आणि तुमच्या माणसाच्या कागदावर पुन्हा तेच येतं: मशीन बदलणे योग्य. मीठही साधं स्वयंपाकाचं चालत नाही. त्यात मोकळेपणासाठी मिसळलेले पदार्थ असतात, आणि खडेमिठात तर पुन्हा कॅल्शियम-मॅग्नेशियमच येतं. चढलेला थर मात्र वाण्याकडच्या लिंबूफुलाने निघतो. रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवताना आत थोडं लिंबूफूल टाकलं की पुरे.

हे सगळं आत्ताच का लिहिते? २०२० च्या टाळेबंदीत भांडी घासायला येणाऱ्या बायकांचं येणं बंद झालं आणि डिशवॉशरची मागणी अचानक वाढली. ती मशीनं आता वॉरंटीच्या बाहेर पडली आहेत. प्रत्येक घरात असाच एखादा काचेचा तुकडा निघणार, आणि प्रत्येक घराला तुम्ही एक्स्चेंज ऑफर देणार. पन्नास किलोच्या आसपासचं धडधाकट मशीन, स्टेनलेस स्टीलची टाकी, तांब्याच्या तारांच्या मोटरी, सगळं भंगारात. ज्यांनी पै-पै जोडून ते घेतलं त्यांना पुन्हा हप्ते. हे मला सहन होत नाही.

भाग मिळत नाही, असं तुम्ही लिहिलंत. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून नियम आहे. एखाद्या मॉडेलचं शेवटचं मशीन बाजारात आल्यावरही ड्रेन पंप, हीटर आणि सर्किट बोर्ड सात वर्षं दुरुस्ती करणाऱ्यांना मिळाले पाहिजेत. स्प्रे आर्म, जाळ्या, दाराचं रबर हे तर दहा वर्षं, आणि तेही थेट घरच्या ग्राहकालासुद्धा. मागणी केल्यावर पंधरा कामकाजाच्या दिवसांत. तुमची कंपनी तिथेही मशीनं विकते, म्हणजे तिथे तुम्हाला हे जमतं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहकदिनी, त्यासाठीचं पोर्टल सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, वाहनं यांच्या जोडीने गृहोपयोगी वस्तूही त्यात आहेत. युरोपासारखी सक्ती अजून इथे नाही, आणि तिच्या अभावावर तुमचा धंदा उभा आहे. पण न केलेल्या तपासणीचे पैसे घेणं आजच्या कायद्यातही बसत नाही. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक मी सोसायटीच्या सूचना फलकावर लावला आहे.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. तपासणीच्या कागदावर काय उघडलं, काय मोजलं आणि किती आलं, याचे रकाने ठेवा. ते रिकामे असतील तर 'मशीन बदलणे योग्य' हे वाक्य लिहायला बंदी करा. भागांची यादी आणि किमती सगळ्यांना दिसतील अशा ठेवा, आणि जो पंप युरोपातल्या दुरुस्तीवाल्याला मिळतो तो पुण्यातल्या दुरुस्तीवाल्यालाही द्या. तुमच्या मुलांना पंप उघडायला शिकवा आणि उघडलेल्या पंपाचे पैसे त्यांना द्या, खपवलेल्या मशीनचे नकोत.

आणि माझी तपासणी फी परत करा. रक्कम मोठी नाही, पण तपासणी झालेली नाही.

आपली,
एक ग्राहक, पुणे