इसाक गेला एकदाचा

काकू कंपाउंडच्या भिंतीपाशी आल्या त्या मेथीची जुडी हातात घेऊनच. "गेला काय ओ तो?"

नवख्या माणसाला वाटलं असतं, गल्लीतलं कुणी गेलं. पण २०२५ च्या १ सप्टेंबरला रात्री आपल्या घड्याळात साडेअकरा वाजले आणि इंग्लंडातला खेळाडू-खरेदीचा बाजार बंद झाला. आम्ही दोघंही आपापल्या घरात जागे होतो.

"गेला. लिव्हरपूलला. साडेबारा कोटी पौंडांना."

काकूंनी मनात गुणाकार केला. "म्हंजे पंधराशे कोटीच्या घरात! एका माणसाचं!" मग आवाज खाली. "मी म्हणत नव्हतो? पोरगं टिकायचं नाही म्हणून?"

काकू अस्सल कोल्हापूरच्या, त्यामुळे 'मी म्हणतो', 'मी जातो'. धाकटा मुलगा तालमीकडून खेळतो, फुटबॉल घरात भाकरीइतका नेहमीचा. न्यूकॅसल युनायटेडचा नाद लागला तो मात्र मार्चमध्ये. लीग कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी लिव्हरपूललाच २-१ असं हरवलं, देशातली मोठी ट्रॉफी ७० वर्षांनी घरी आणली आणि दुसरा गोल मारला अलेक्झांडर इसाकनं. म्हणून तर काकूंना जास्त लागलंय.

"जुलैपासून नाटकं," काकू म्हणाल्या. "सेल्टिकशी मॅच. ग्लासगोपर्यंत नेला आणि मॅनेजरनं घरी पाठवला. तिथं चार गोल खाल्ले ते वेगळंच. मग सिंगापूर, कोरियाचा दौरा. हा म्हणे मांडी दुखतीय."

"आणि दुखऱ्या मांडीनं स्पेनला जाऊन जुन्या क्लबच्या मैदानावर सराव."

"बगा की! लग्नाला यायला ताप आणि यात्रेला जायला ठणठणीत."

मॅनेजर एडी हाऊ तसा तोंडाचा गोड. पण संघाबरोबर सराव करायचा तर तो हक्क कमवावा लागतो, असं त्यानंही जाहीर ऐकवलं. १९ ऑगस्टला इसाकनं इन्स्टाग्रामवर लिहिलं की आपल्याला दिलेला शब्द मोडला. क्लबनं लगोलग उत्तर दिलं, असा शब्द कुणी दिलाच नव्हता. करार २०२८ पर्यंतचा. घरातलं भांडण सगळ्या आळीनं ऐकलं.

माझं मत विचाराल तर क्लबचीही घडी विस्कटलेलीच होती. खेळाडू आणण्याची जबाबदारी असलेला पॉल मिचेल जूनअखेर बाहेर पडला आणि उन्हाळाभर त्या खुर्चीवर कुणी बसलंच नाही. खरेदीचा भार हाऊवर, आणि त्या खात्यात त्याचा पुतण्या अँडी.

"काका-पुतण्या?" मेथी निवडणारे काकूंचे हात थांबले. "मग झालं!"

न्यूकॅसलनं स्थळं काय कमी पाहिली? जोआव पेद्रो, डेलॅप चेल्सीला गेले. एम्बेउमो आणि शेश्को मँचेस्टर युनायटेडला. गोलकीपर ट्रॅफर्डचं जवळपास ठरलं होतं, तो मँचेस्टर सिटीनं उचलला. एकिटिके लिव्हरपूलला गेला, आणि २५ ऑगस्टला न्यूकॅसलच्याच अंगणात येऊन त्यानं गोल मारला.

"त्या मॅचचं नाव काढू नका," काकू म्हणाल्या. काढलं त्यांनीच. "दहा जणांनी दोनाचे दोन केले हो! मी यांना उठवायला आत गेलो, आणि तेवढ्यात त्या पोरानं..."

रिओ न्गुमोहा. सतरा पूर्ण व्हायला चार दिवस कमी. शंभरावं मिनिट. २-३. आपल्याकडे रात्रीचे अडीच वाजून गेले असतील. काकूंच्या स्वयंपाकघरात काहीतरी आपटल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. तोवरच्या बाकीच्या दोन सामन्यांत, व्हिला आणि लीड्सशी, शून्य-शून्य. व्हिलाचे तर शेवटी दहाच उरले होते, तरी चेंडू जाळ्यात जाईना.

शेवटी स्टुटगार्टहून वोल्टेमाडे आणला, ६.९ कोटी पौंडांपर्यंत मोजून, क्लबचा विक्रम. उंची १.९८ मीटर.

"आमच्या माजघराच्या दारातनं वाकून यावं लागंल त्याला," काकू खुलल्या. "आणि तो विसा? तो चांगला हाय काय?"

चांगला आहे की. गेल्या मोसमात ब्रेंटफर्डकडून लीगमध्ये १९ गोल. पण आला कसा ते ऐका. न्यूकॅसलची मागणी फेटाळली म्हणून योआन विसा जुलैत पोर्तुगालमधलं शिबिर सोडून घरी आला. नव्या मोसमात ब्रेंटफर्डकडून एक सामना खेळला नाही. शेवटी इन्स्टाग्रामवर पत्रक काढलं, की क्लब माझी वाट अडवतोय. दुसऱ्या दिवशी न्यूकॅसलचा.

"म्हणजे इसाकनं तुम्हाला जे केलं तेच," मी म्हटलं.

"तसं कसं? ब्रेंटफर्डवाल्यांनी अडवायला नको होता पोराला. मन लागत नसंल तर सोडावं."

"आणि इसाकचं मन?"

"तो गद्दार!"

मला गप्प बसता आलं असतं. पण मेथी निम्मी व्हायची होती. "काकू, धाकट्यानं मागच्या वर्षी पेठेतली तालीम सोडून दुसरीकडं नाव घातलं, तेव्हा..."

"त्याचं वेगळं हाय," काकूंनी देठं मुठीत गोळा केली. "त्याला बाहेर बसवत होते. दीड महिना! आणि ते आम्हाला सांगून गेलं होतं."

"तालमीला?"

"आम्हाला." त्या वळल्या, दोन पावलं गेल्या आणि परत फिरल्या. "त्या उंचाड्याची पहिली मॅच कधी हाय? टाइम तेवढा बघून ठेवा."