तंजावर पायी पाहण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

तंजावर एका दिवसात पायी पाहायला तीन गोष्टी लागतात: टोपी, पाण्याची बाटली आणि 'हे मूळचं आपलंच' हे वाक्य. पहिल्या दोन विसरल्या तरी निभावते. तिसरी विसरलेला मराठी प्रवासी अजून कोणी पाहिलेला नाही.

१. उशिरा निघावे. बृहदीश्वराचे दार सकाळी लवकर उघडते, तेव्हा दगड गार असतो. ती वेळ कटाक्षाने टाळावी. इडली, मग वडा, मग 'पोहे मिळतील का?' अशी चौकशी करत साडेअकरा वाजवावेत. चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि प्रांगण अफाट आहे. पहिली दहा पावले आपण भक्तिभावाने टाकतो, पुढची दहा टाचांवर, आणि त्यानंतर लंगडी सुरू होते. जाणती मंडळी मोजे घालून फिरताना दिसतील. त्यांना हसावे.

२. सावलीची गोष्ट सांगावी. राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेल्या या देवळाचे शिखर सुमारे २१६ फूट उंच आहे. 'ह्याची सावली जमिनीवर पडतच नाही' हे बरोबरच्यांना ठासून सांगावे. सांगताना मात्र त्याच सावलीत उभे राहावे, नाहीतर पाय भाजतात.

३. शिलालेख 'करावा'. आवाराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास कोरवून घेतला आहे. ओळीखाली ओळ, दगडामागून दगड, सगळा मराठीत आणि देवनागरीत. इथे छाती फुगवून 'बघ, मराठी!' म्हणावे, लेखाकडे पाठ करून फोटो काढावा आणि निघावे. लेक विचारेल, 'बाबा, काय लिहिलंय?' उत्तर ठरलेले आहे: 'इतिहास आहे, बाळा.'

४. राजवाड्याकडे चालत जावे. दुपारी देऊळ बंद होते, म्हणजे मुहूर्त उत्तम. अंतर दीड-दोन किलोमीटर. रिक्षावाल्याला बाणेदारपणे नकार द्यावा आणि चौथ्या मिनिटाला त्यालाच हाक मारावी. भाडे आता वाढलेले असेल. वाडा मुळात नायक राजांचा, मराठ्यांनी त्यात भर घातली. घरच्यांना सांगताना या वाक्याचा उत्तरार्ध तेवढा सांगावा. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रे आहेत, मोडी कागद आहेत. सरफोजीराजे डोळ्यांच्या रुग्णांवर उपचार करवून त्यांच्या नोंदी ठेवत, रुग्णाच्या डोळ्यांची चित्रेसुद्धा काढून घेत. अशा जागी सात मिनिटे पुरे, कारण जेवणाची वेळ टळते आहे.

५. सांबार जिंकावे. केळीच्या पानावर सांबार पडताच 'हे नाव संभाजीराजांवरून पडलं' असे वाढप्याला मराठीमिश्रित हिंदीत समजावावे. पुरावा तो मागत नाही, आपल्याकडेही नसतो. तो मान डोलावतो. तंजावरच्या बाहुल्याही तशाच मान डोलावतात, तेव्हा संमती गृहीत धरू नये. नंतर पितळी डबऱ्यातली कॉफी शर्टावर न सांडता ओतून दाखवावी. दिवसभरातले खरे शौर्य तेवढेच.

असे केले की तंजावर पाहून झाले. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत, म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून अधिक, इथे भोसल्यांचे राज्य होते. हे परतीच्या गाडीत सर्वांना ऐकवावे.

आणि गाडीला वेळ असेल तर शास्त्राबाहेरचे एक सांगतो. चारच्या सुमारास देऊळ पुन्हा उघडते. दगड अजून तापलेला असतो, म्हणून मोजे घाला. लेकीला त्या भिंतीपाशी न्या. भाषा जुनी आहे, अडखळायला होईल. तरी बोट ठेवून एक ओळ तिला वाचून दाखवा.