तहकूब ग्रामसभा : स्वरूप, प्रकार आणि उपयोग

ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदार यादीत नाव असलेल्या सर्वांची सभा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ मध्ये तिची व्याख्या आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून तिला घटनेत हक्काची जागा मिळाली, आणि महाराष्ट्रात तिचे काम १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे चालते. आमदारकीला तिकीट लागते. ग्रामसभेचे सभासदत्व मात्र अठरा वर्षे पूर्ण होऊन यादीत नाव आले की आपोआप मिळते आणि मरेपर्यंत टिकते. यादी दुरुस्त व्हायला लागणारा वेळ जमेस धरला तर त्यानंतरही काही वर्षे टिकते.

गावाचा विकास आराखडा, घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी, झालेल्या खर्चाचा हिशेब हे सारे या सभेपुढे यावे लागते. राज्यात २७ हजारांहून अधिक ग्रामपंचायती आहेत. विधानसभेचा गोंधळ लोक टीव्हीवर तासन्‌तास पाहतात. ग्रामसभा हाकेच्या अंतरावर भरते, म्हणून ती पाहण्याचे राहून जाते.

वर्षातून किमान ४ ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या त्यांच्या रूढ तारखा. पैकी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला झेंडावंदन असते, त्यामुळे माणसे आयती जमलेली असतात आणि जिलेबीचा पुडा हातात पडेपर्यंत थांबतात. पुडा मिळाल्यावर कोणी थांबल्याची नोंद सहसा आढळत नाही. १ मे लग्नसराईत येतो. २ ऑक्टोबरला सोयाबीन काढणीला आलेले असते आणि मजूर मिळत नसल्याने मालक स्वतः वावरात असतो. सभेची नोटीस आधी फलकावर लावावी व दवंडी द्यावी असा नियम आहे. फलक ग्रामपंचायत कार्यालयाच्या आत असतो आणि कार्यालयाला बहुधा कुलूप असते. दवंडीची जागा आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपने घेतली आहे. तेथे नोटिशीच्या खाली लगेच कोणाच्या तरी वाढदिवसाचे चाळीस केक येऊन पडतात आणि नोटीस वर निघून जाते.

सभेची गणपूर्ती, म्हणजे बोलीभाषेतला कोरम, हा एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. दोन हजार मतदारांच्या गावात १०० माणसे पुरतात. त्याच गावात हरिनाम सप्ताहाच्या काल्याला हजार पाने उठतात, बैलगाडा शर्यतीला शेजारची तीन गावे लोटतात, आणि कोणाच्या बांधावर मोजणी लागली तर न बोलावता पन्नास जण हजर होतात. ग्रामसभेला मात्र घड्याळ पाहून अर्धा तास वाट बघितली जाते आणि सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. कायदा करणाऱ्यांनी ही सोय अडचणीच्या प्रसंगासाठी ठेवली होती. गावांनी तिला नेहमीची पद्धत केले. आता पहिली सभा ही तहकूब सभेची पूर्वतयारी समजली जाते, आणि जाणती माणसे थेट दुसऱ्या सभेलाच येतात, किंवा तिलाही येत नाहीत.

सभेला येणाऱ्यांत पहिला मान घरकुलाच्या यादीत नाव लागेल या आशेने आलेल्याचा. दुसरा, शेजाऱ्याने गटारावर पायरी बांधली म्हणून आलेल्याचा. तिसरा दर सभेत एकच प्रश्न विचारतो : मागच्या वर्षीचा हिशेब कुठे आहे? हा माणूस कोणत्याही गटाचा नसला तरी प्रश्न विचारताच तो विरोधी गटाचा ठरतो आणि संध्याकाळपर्यंत त्याला कोणी पैसे पुरवले हेही गावाला कळते. तरुण मंडळी भिंतीला टेकून मोबाइलवर असतात. त्यांना सभेतली भांडणे थेट प्रक्षेपित करायची असतात, म्हणून भांडण होईपर्यंत ती थांबतात. उरलेले गाव पारावर असते.

पारावरची सभा कायद्यात नाही, पण तिचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ती रोज भरते, तिला कोरम लागत नाही, नोटीस लागत नाही. पाण्याची टाकी कोणाच्या आळीत बसवायची, अंगणवाडीचे काम कोणाला द्यायचे, सोडतीत राखीव झालेल्या सरपंचपदावर कोणाच्या सुनेला उभे करायचे, हे तेथे ठरते. ग्रामसभेत ते नंतर कळवले जाते.

ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी असे कायदा सांगतो. २०११ पासून राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. पुरुषांनी हा बदल मोठ्या मनाने स्वीकारला आणि ‘सरपंच पती’ हे नवे पद आपणहून निर्माण केले. या पदाला मानधन नाही, शपथ नाही, कायद्यात उल्लेख नाही. खुर्ची मात्र आहे, आणि ती बहुधा सरपंचांच्या खुर्चीपेक्षा जरा पुढे असते. महिला सभेचे कामकाज पुष्कळ ठिकाणी ठरावाच्या वहीतच पार पडते. ज्या गावात ती सभा खरोखर भरते तेथे पहिला विषय पाण्याचा आणि दुसरा दारूच्या दुकानाचा निघतो. वहीवर भागवण्याची घाई त्यामुळेच असावी.

दारूबंदीचा मार्ग कायद्याने दिलेला आहे. पुरेशा महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होते आणि मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी चिन्हे असतात. दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, यादीतल्या एकूण नावांच्या निम्म्याहून अधिक. म्हणजे घरी बसलेली, मुंबईला नांदायला गेलेली आणि यादीतून अजून न निघालेली अशी सगळी मते उभ्या बाटलीच्या बाजूची. सरपंच निवडून यायला जितके मतदान होईल त्यात पुढे असणे पुरते. बाटलीसाठी कायद्याने निकष कडक ठेवला आहे, यावरून कोणाचे पद अधिक महत्त्वाचे हे उघड होते.

सभेपुढील विषयांत पैसा हा मुख्य. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, केंद्राचा निधी ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला आणि ‘आमचा गाव, आमचा विकास’ या नावाखाली आराखडे तयार होऊ लागले. पंधराव्या आयोगाने २०२१ पासून निधीचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिला. गावे त्यावर नाराज झाली, कारण ग्रामीण महाराष्ट्राची खरी आवड पेव्हर ब्लॉक ही आहे. शाळेपुढे, देवळापुढे, पारापुढे, स्मशानभूमीपुढे आणि जेथे पुढे काहीच नाही तेथेही ते बसवले जातात. पाइपलाइन फुटली की काढले जातात व पुन्हा बसवले जातात; या पुनर्वापराबद्दल गावांना अद्याप कोणताही पर्यावरण पुरस्कार मिळालेला नाही. पेव्हरनंतर हायमास्ट दिवा आणि स्वागत कमान यांचा क्रम लागतो. कमानीवर ज्यांच्या निधीतून, ज्यांच्या प्रयत्नातून आणि ज्यांच्या हस्ते अशा तिघांची नावे गावाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत असतात, त्यामुळे परगावचा माणूस आपण कोठे आलो हे आत गेल्यावर विचारून घेतो.

काम कोणाला द्यायचे यावरही कायद्याने बंधन घातले आहे. पंचायतीच्या कामात सदस्याचा स्वतः किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असेल तर त्याचे पद जाते. मेहुण्याचा उल्लेख कायद्यात नाही. त्यामुळे गावात कर्तबगार मेहुण्यांचा एक वर्गच उदयाला आला आहे.

पाण्याचे सांगायचे तर १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने दर माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे ठरवले. नळ आला. अनेक वाड्या-वस्त्यांत तो भिंतीला चकचकीत तोटीसह उभा आहे. पाणी टाकीपर्यंत, टाकी उद्‌घाटनापर्यंत आणि उद्‌घाटन तारखेपर्यंत येऊन थांबले आहे. तोपर्यंत टँकर येतो. तो कोणाचा, हे विचारणारा पुन्हा विरोधी गटाचा.

पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी व पाणीपट्टी. यांची वसुली वर्षभर रडतखडत चालते, पण निवडणूक जाहीर होताच लोक रांगा लावून पट्टी भरतात. थकबाकीदार सदस्य अपात्र ठरतो, उमेदवाराला शौचालय वापराचा दाखला लागतो, आणि १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेले तिसरे अपत्यही आडवे येते. पहिल्या दोन अडचणी आठवड्यात सुटतात. ग्रामस्वच्छतेची मोहीम राज्यात गेली पंचवीस वर्षे चालू आहे. निवडणूक मात्र दर पाच वर्षांनी येते आणि एका पंधरवड्यात त्या मोहिमेहून अधिक शौचालये वापरात आणते.

ही निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. निकालाच्या संध्याकाळी त्यामुळे सर्व पक्षांना पहिल्या क्रमांकाचे यश मिळते आणि त्यांच्या दाव्यांची बेरीज निवडणूक झालेल्या ग्रामपंचायतींपेक्षा बरीच अधिक भरते. गुलाल मात्र एकच असतो. काही गावे बिनविरोधचा मार्ग घेतात. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचा जाहीर लिलाव झाल्याचे समोर आल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तेथील निवडणुकाच रद्द केल्या. बोली देवळाच्या नावाने लावली गेली होती. यावर गावात असाही युक्तिवाद ऐकू येतो की पैसा मतदारांत गुपचूप वाटण्यापेक्षा देवळाला उघडपणे मिळाला तर वाईट काय. लिलावात किमान बोली सर्वांदेखत लागते, हा त्यातला एकमेव खरा मुद्दा आहे.

सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. २०२४ मध्ये ग्रामसेवकाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे वाक्य दोन्ही नावांना चालते, म्हणून शिपायाला नवे काही पाठ करावे लागले नाही.

या विषयातले अपवाद प्रसिद्ध आहेत आणि त्यांचाही उपयोग ठरलेला आहे. हिवरे बाजारची ग्रामसभा पावसाच्या मापावरून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्याप्रमाणे पिके ठरवते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) येथे निर्णय मताधिक्याने होत नाही, सर्वांची संमती होईपर्यंत बोलणे चालते. त्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. पाटोद्यात कर भरणाऱ्याला दळण फुकट मिळत असे. अशा गावांना राज्यभरातून अभ्यास दौरे येतात. हिवरे बाजारच्याच जिल्ह्यात शिर्डी आणि शनिशिंगणापूर असल्याने त्या दौऱ्याला सदस्यांची हजेरी चांगली असते. परतल्यावर ‘तेथले लोक वेगळे आहेत’ हा अहवाल एकमताने मान्य होतो.

ठराव करायचे म्हटले तर ग्रामसभेला काय करता येते याची उदाहरणे अलीकडचीच आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाला इतर गावांना त्याचे अनुकरण करा असे कळवावे लागले. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही व मोबाइल बंद राहतात. नेवासे तालुक्यातील सौंदाळ्याने २०२४ मध्ये आया-बहिणींवरून शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंड ठरवला. हा ठराव सर्व गावांनी केला आणि ग्रामसभेच्या दिवशीच लागू केला, तर वित्त आयोगाच्या निधीची वाट पाहावी लागणार नाही.

सर्वसाधारण गावात ठरावाची कृती सोपी आहे. प्रत्येक ठरावाला एक सूचक व एक अनुमोदक लागतो. वर्षानुवर्षे ही दोन नावे तीच असतात आणि त्यांपैकी एक पुण्याला कंपनीत कामाला असतो. प्रोसिडिंगच्या वहीत ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द आधी लिहून विषयासाठी वर जागा सोडलेली असते. सह्या कमी पडल्या तर वही शिपायाच्या काखेत बसून घरोघरी जाते. गाव सभेला आले नाही तरी सभा अशा रीतीने गावाला येते. फोटो मात्र त्याच दिवशी काढावा लागतो, कारण त्यावर तारीख व वेळ उमटते. त्यासाठी शाळेतल्या वरच्या वर्गाची मुले मागच्या रांगेत बसवली जातात. मग चहा होतो. चहाचे बिल पुढच्या सभेच्या खर्चात दिसते आणि त्यात कपांची संख्या कोरमइतकी असते.

ग्रामसभा पुरेशा कारणाशिवाय न घेणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते. ग्रामसभेला न येणाऱ्या मतदाराला कायद्यात कोणतीही शिक्षा नाही, आणि सभेत झालेला ठराव त्यालाही तितकाच लागू होतो.