न केलेल्या प्रयोगाचं टाचण वाटणाऱ्यास

आयत्या विज्ञान टाचणांचे महोदय,



तुमचं नाव लिहिता येत नाही, कारण तुम्ही ते कुठेच देत नाही. 'सातवी विज्ञान पाठ टाचण' एवढं शोधलं की सगळ्यांत वर तुम्हीच. डाउनलोडची तीन बटणं, त्यांतली दोन जाहिरातींची. तिसरं दाबल्यावर फाइल उतरते. पहिल्या पानावर रंगीत वेलबुट्टी. आत 'शैक्षणिक साहित्य : खडू, फळा, चित्र', 'शिक्षक प्रश्न विचारतात', 'विद्यार्थी उत्तरे देतात'. पाठ पचनसंस्थेचा असो की चुंबकाचा, ओळी त्याच. कोणता प्रश्न विचारायचा, मुलं काय उत्तर देतील आणि ते चुकलं तर पुढे काय करायचं, यासाठीच टाचण काढतात. नेमकं तेवढंच तुम्ही गाळलंत.

जिथे गाळलं नाही तिथली गत आणखी वाईट आहे. ताटलीत पाणी, त्यात पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, ग्लासात पाणी चढतं. तुमचा निष्कर्ष : 'ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून हवेत ऑक्सिजन 21 टक्के.' हा प्रयोग तुम्ही एकदा तरी केलात का? केला असतात तर दिसलं असतं की मेणबत्ती जळत असताना पाणी फारसं हलत नाही; ते भरकन चढतं ज्योत विझल्यावर. ज्योतीने हवा तापते, प्रसरण पावते, थोडी बुडबुड्यांवाटे निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. शिवाय विझते तेव्हा ग्लासातला सगळा ऑक्सिजन संपलेलाही नसतो. त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावा, पाणी आणखी वर जाईल. सातवीतलं पोर लगेच विचारतं, "बाई, हवा तर तेवढीच होती, मग पाणी जास्त कसं चढलं?" या प्रश्नासाठी तुमच्या टाचणात एक ओळ नाही.

ऋतूंच्या पाठात तुम्ही लिहिता, पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14 कोटी 70 लाख किलोमीटरवर. त्याच दिवसांत निफाडची माणसं शेकोटीभोवती बसलेली असतात. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. वनस्पतींच्या पाठात ऑक्टोबरात पानगळीची पानं गोळा करायला सांगता. परदेशी संकेतस्थळावरून उचलताना बांधावरच्या पळसाकडे पाहिलं असतंत, तर तो पानं टाकून फुलतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, हे कळलं असतं.

याची किंमत कोण मोजतं? द्विशिक्षकी शाळेतले गुरुजी. दोन माणसं, पाच वर्ग, त्यात पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणं. रात्री मोबाइलवर दहा मिनिटं मिळतात, ती तुमच्या जाहिराती खातात. तुम्ही म्हणाल, टाचणवही तपासणारे पानंच मोजतात, म्हणून मागणी आहे. तो दोष त्यांचा, आणि त्यांना जाब विचारायलाच हवा. पण चुकीचं विज्ञान लिहायला तुम्हाला कुठल्याही साहेबाने सांगितलेलं नाही.

चांगलं काही नसतं तर गोष्ट वेगळी. अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली शेकडो खेळणी चित्रं आणि व्हिडिओंसह आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत. मराठी पुस्तकंही तिथे मिळतात. कार्ल वायमन या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट'ची सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. तार जोडली की पडद्यावरचा दिवा लागतो. हे सगळं तुमच्या ढिगाखाली गाडलं जातं. ज्याला ही नावं आधीच ठाऊक आहेत तोच तिथे पोचतो. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला आधी तुम्हीच भेटता.

मध्य प्रदेशात 1972 साली 16 शाळांतून 'होशंगाबाद विज्ञान' हा विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. तिथे शिक्षक दर महिन्याला एकत्र बसत आणि कोणता प्रयोग वर्गात फसला, का फसला, हे सांगत. त्यातून पुस्तकं सुधारत गेली. हातात इंटरनेट नसताना त्यांनी हे केलं. तुमच्याकडे इंटरनेट आहे, आणि चूक दाखवायला साधी प्रतिक्रियेची जागाही तुम्ही ठेवलेली नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक टाचणाखाली तीन गोष्टी लिहा : हा प्रयोग कोणी करून पाहिला, कोणत्या साहित्याने, आणि मुलं कुठे अडली. ज्या टाचणाखाली हे लिहिता येणार नाही, ते आजच काढून टाका. जूनमध्ये शाळा भरल्या की हजारो टाचणवह्यांत तुमचं वाक्य जसंच्या तसं उतरेल, तिथून फळ्यावर आणि फळ्यावरून उत्तरपत्रिकेत. एवढंही जमणार नसेल, तर पहिल्या पानावर अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळाचा पत्ता ठेवा आणि वाटेतून बाजूला व्हा.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतली एक विज्ञान शिक्षिका