बत्तीस टक्केवाले साहेब

देऊळघाटच्या रस्त्यावर पहाटे पोरं पळतात. सोळाशे मीटर, हातात मोबाइलचं घड्याळ. पोलिस भरती नाहीतर अग्निवीर. पैनगंगेकाठच्या या गावाला फौज माहीत आहे ती अशी, पायांनी मोजायची. फौजेचे अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या एनडीएत शिरायला हे सोळाशे मीटर कुणीच मोजत नाही, हे मात्र त्यांच्या कानावर जात नाही.

कानावर जातं ते क्लासच्या फ्लेक्सवरचं: हजारातून एक! हिशेब खोटा नाही. अर्ज काही लाख, जागा चारशेच्या आसपास. पण अर्जाची फी शंभर रुपये, मुलींना नि अनुसूचित जाती-जमातींना तीही माफ. दोस्तानं भरला म्हणून फॉर्म भरून परीक्षेच्या दिवशी मामेभावाच्या हळदीला गेलेला गडीही त्या लाखांत मोजलेला असतो. हौशे, गवशे, नवशे जितके जास्त, तितकी संस्था थोर! याच न्यायाने २०२३च्या तलाठी भरतीनं हार्वर्डला केव्हाच मागे टाकलंय. साडेचार हजारांच्या आसपास जागा, अर्ज दहा लाखांवर.

आता फ्लेक्सवर कधी न छापलेला आकडा घ्या. २०२३च्या दुसऱ्या एनडीए परीक्षेत लेखीचा कटऑफ होता ९०० पैकी २९२. बत्तीस टक्के. आपल्या बोर्डात एवढ्यावर पोरगं दहावी नापास होतं. मुलाखतीचे गुण धरून अंतिम यादीतला शेवटचा उमेदवार १८०० पैकी ६५६ वर बसला, म्हणजे छत्तीस टक्क्यांवर. (चुकलेल्या उत्तराचे गुण कापतात, हे खरं. तरीही.) एवढ्या टक्क्यांत जिल्ह्याच्या कॉलेजात पोराचा फॉर्म नेताना बाप चारदा विचार करील.

मग अवघड काय आहे? लेखीनंतरचे सैन्याच्या निवड मंडळाचे, म्हणजे एसएसबीचे, पाच दिवस. एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात नि चार मिनिटांत गोष्ट लिहायला लावतात. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि बरीच पोरं संध्याकाळच्या गाडीनं परत. उरलेल्यांपुढे साठ शब्द, एकेकाला पंधरा सेकंद, सुचेल ते वाक्य लिहा. मैदानावर फळी, दोर नि गटातली आठ-दहा अनोळखी पोरं देतात. मग कोण नुसता ओरडतो, कोण दुसऱ्याचं ऐकून घेतो, हे लांबून एक अधिकारी टिपत बसतो. याचं गाइड बाजारात मिळतं, पण गाइड वाचून आलेला तिथं लगेच ओळखू येतो म्हणतात.

कॉलेज आणि फौज यांतला फरक रिकाम्या खुर्चीपाशी कळतो. इंजिनीअरिंगच्या फेऱ्यांवर फेऱ्या संपतात, तरी जागा उरतात. मग कॉलेजचा माणूस घरी येऊन चहा पितो. सैन्यात अधिकाऱ्यांच्या हजारो जागा रिकाम्या असल्याचं सरकार संसदेत सांगतं, तरी एसएसबी कधी कधी अख्खी बॅच रिकाम्या हातानं परत पाठवते. पाठवते तीही इमानदारीनं. पहिल्यांदा आलेल्याला येण्याजाण्याचं भाडं देऊन.

मराठी पोरं जवान होतात, साहेब कमीच होतात, हे राज्य सरकारला कळलेलं आहे. त्यासाठी १९७७ साली औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, म्हणजे एसपीआय, काढली. दहावीनंतर तिथं दोन वर्षं एनडीएची तयारी करून घेतात. इथून फार लांबही नाही. आमच्या जिल्ह्यात दर बारा जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊंवर भाषणं होतात; एसपीआयची जाहिरात कधी निघते, हे त्या मंचावरून सांगितलं तर भाषण लांबणार नाही. मुलींची एसपीआय आता नाशिकला आहे, आणि मे २०२५ मध्ये एनडीएतून पहिल्या सतरा मुली बाहेर पडल्या.

हे सगळं एका काकांना समजावलं. पोरगा बारावीला, गणित चांगलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं नि मुद्द्याला हात घातला, "बाकी जाऊ द्या. एनडीएला डोनेशन किती लागते?"

"काहीच नाही, काका. शिक्षण, राहणं, जेवण, सगळं सरकारचं."

काका उठले. "मग आपल्या पोराचं काही खरं नाही."