गोंडपिपरीचा आकडा

एक मेला सकाळी आठ वाजता गोंडपिपरीच्या तहसील कार्यालयात झेंडा चढतो आणि साधारण सव्वाआठला महाराष्ट्र दिन आटोपतो. राज्यगीत झालेलं असतं, पोरांच्या हाती चॉकलेट पडलेलं असतं आणि शाळेचे गुरुजी सावलीचा अंदाज घेत भिंतीकडे सरकलेले असतात. यापुढचा दिवस काकाजींचा.

काकाजी म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. मूलपासून अहेरीपर्यंत प्रत्येक गावात एक काकाजी असतो. रिटायर झालेला, पांढरा शर्ट, डोक्यावरून कानामागे घट्ट आवळलेला दुपट्टा, वरच्या खिशात पेन आणि खालच्या खिशात कांदा. गावात जन्ममृत्यूची नोंद ग्रामपंचायतीकडे असते, तापमानाची काकाजींकडे. पुण्यात ही जात आढळत नाही. तिथं अडतीसला 'काय भयंकर उकडतंय' म्हणून माणूस पंखा वाढवतो आणि विषय संपतो. आमच्याकडे अडतीसला कूलर माळ्यावरून उतरवायचा की अजून आठवडा थांबायचं, यावर घरात दोन पक्ष असतात.

बाकीचे लोक भेटल्यावर 'बरा हायेस का गा?' विचारतात. काकाजी विचारतात, 'काल किती गेला?' कोण गेला, हे विचारणारा माणूस बाहेरगावचा समजावा. पारा गेला. आणि उत्तर अचूक लागतं. 'पंचेचाळीस असन' असं कुणी मोघम बोललं की काकाजी कळवळतात. 'पंचेचाळीस नाई गा, पंचेचाळीस पॉइंट आठ!' त्या 'पॉइंट'वर ते असा काही जोर देतात की पुढच्या आठाला आपोआप वजन येतं.

या माणसाच्या काळजात एक सल आहे. उन्हाळ्यात पेपरात रोज विदर्भाच्या तापमानाची चौकट येते. तीत चंद्रपूर असतं, ब्रह्मपुरी असतं, १९८२ साली चंद्रपुरातूनच वेगळा निघालेला गडचिरोली जिल्हाही असतो. गोंडपिपरी नसतं. जगातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या याद्या निघतात, त्यांत चंद्रपूर-ब्रह्मपुरी झळकतात, टीव्हीवाले रस्त्यावर अंडं फोडून दाखवतात, आणि पन्नासेक किलोमीटरवर वर्धा आणि वैनगंगा यांच्या बेचक्यात बसलेलं आमचं गाव तेवढंच भाजून निनावी राहतं. 'चंद्रपुरात काय हाय?' काकाजी विचारतात. 'कोळशाच्या खाणी हाय, थर्मल हाय. थे शेकोटीजवळ बसून तापते. आपलं उन्ह असली हाय.' महसूल मंडळांत हल्ली स्वयंचलित हवामान यंत्रं बसली आहेत, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. पण ते आकडे पीकविम्याच्या कामाचे, पेपरात येत नाहीत, हे कळल्यावर त्यांचा रस संपला. जे छापून येत नाही ते तापमान कसलं?

एकदा हायस्कूलच्या सरांनी त्यांना वेधशाळेची रीत समजावून सांगितली. थर्मामीटर एका पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत असतो, जमिनीपासून चारेक फूट उंच, उन्हाचा थेट स्पर्श होणार नाही असा. काकाजींनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

'म्हंजे सावलीत मोजते?'

'हो. जगभर तशीच पद्धत आहे.'

'सावलीत कोन राहते गा? तेंदूपत्ता सावलीत तोडते का?'

या प्रश्नाला सरांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. मे महिना हा तेंदूचा हंगाम. बाया झुंजुमुंजूच्या आधी जंगलात शिरतात, ऊन चढायच्या आत पानांची ओझी घेऊन परततात आणि दारातल्या मांडवाखाली सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधत बसतात. मग भर दुपारी ते पुडके फळीवर, म्हणजे पानांच्या खरेदीच्या उघड्या जागेवर, ओळीनं वाळत घालायचे, वर आलटून पालटून ठेवायचे. तिथं पांढरी पेटी नसते. काकाजींची बढाई हा विनोदाचा विषय खरा, पण या एका बाबतीत वेधशाळेपेक्षा त्यांचंच म्हणणं मला बरोबर वाटतं.

राजकारणातही त्यांचा सिद्धांत पाऱ्यावरच उभा आहे. एक मेच्या सकाळी साडेआठपर्यंत ते महाराष्ट्रवादी असतात, चहानंतर वेगळ्या विदर्भाचे. नागपुरात त्या दिवशी विदर्भवादी काळा दिवस पाळतात, त्याला काकाजींचा पाठिंबा आहे, फक्त तारखेला विरोध आहे. 'एक मेले आंदोलन करते का कोनी? अकरानंतर घोषणा द्याले माणूस भेटन का?' राज्याची स्थापना १९६० साली डिसेंबरात झाली असती तर विदर्भ एव्हाना वेगळा झाला असता, असं त्यांचं ठाम मत आहे. त्याहून मोठा राग नागपूर करारावर. १९५३ च्या त्या करारात वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं. ते मुंबईकरांनी शिताफीनं हिवाळी करून टाकलं. डिसेंबरात यायचं, संत्री खायची, शाल पांघरून फोटो काढायचे आणि विदर्भाचे प्रश्न समजले म्हणून परत जायचं. २०१८ साली एकदा पावसाळी अधिवेशन नागपुरात घेतलं तर विधानभवनात पाणी शिरून लाईन गेली आणि कामकाज थांबलं. काकाजी तो किस्सा दरवर्षी सांगतात. त्यांची मागणी एवढीच की अधिवेशन नवतप्यात घ्यावं, पंचवीस मेपासून पुढचे नऊ दिवस, आणि कूलर बंद ठेवून. अनुशेषाचा ठराव पहिल्याच दुपारी मंजूर होईल.

नवीन साहेब घाटावरून बदलून आला की काकाजींना उत्साह येतो. झेंडावंदनानंतर साहेब रुमालानं मान पुसत म्हणतो, 'फारच आहे हो ऊन इकडे.' काकाजी याच वाक्यासाठी थांबलेले असतात. ते हसतात आणि आपलं ब्रीदवाक्य उच्चारतात: 'साहेब, हे काईच नाई.' मे महिन्यात हे काहीच नाही, कारण नवतपा यायचा आहे. नवतप्यात हे काहीच नाही, कारण २००७ च्या जूनमध्ये चंद्रपूर एकोणपन्नासवर गेलं होतं. पुरेसा घाबरवून झाला की मग ते त्याला बारा ते चार बाहेर न पडण्याची ताकीद देतात, संध्याकाळी घरून कैरीच्या पन्ह्याची बाटली पाठवतात आणि कूलरवाल्याला त्याच्या क्वार्टरवर वाळ्याच्या ताट्या बदलायला लावतात. पैसे मात्र साहेबानं द्यायचे.

काकाजींचा भाचा कॅनडात असतो, टोरंटोकडे. १ जुलै हा त्या देशाचा राष्ट्रीय सण. १८६७ साली त्या तारखेला त्यांचं संघराज्य झालं. बागेत शेगड्या पेटवायच्या, मेपलच्या पानाचे लाल-पांढरे बनियन घालायचे, रात्री फटाके, आणि दिवसभर सगळ्यांच्या तोंडी एकच विषय: ऊन. अशाच एका १ जुलैला भाच्यानं तिथून व्हिडिओ कॉल लावला.

'मामाजी, आज इकडं लय गरम आहे.'

'किती?'

'एकतीस.'

काकाजींनी फोन छातीशी धरला आणि आतल्या खोलीतल्या मंडळींना बोलावलं. 'आइका हो, एकतीसले गरम म्हंते!' गोंडपिपरीत मृग बरसून गेला होता, बांधीत धानाचे पऱ्हे हिरवे झाले होते आणि मामीजींनी पहाटे चादर काढली होती. बाहेर पारा एकतीसच्याच आसपास होता.

भाच्याला ते लागलं. तो म्हणाला, 'हसू नका मामाजी. इथं लिटन म्हणून गाव आहे, ब्रिटिश कोलंबियात. २०२१ च्या २९ जूनला तिथं एकोणपन्नास पॉइंट सहा झालं होतं.'

'छायेत?' ज्या छायेवर आयुष्यभर आक्षेप घेतला, तिचाच आधार काकाजींनी घेतला.

'छायेतच.'

चंद्रपूरचा एकोणपन्नास बर्फाच्या देशातल्या एका खेड्यानं पॉइंट सहानं मागं टाकला होता. काकाजी राजस्थानच्या फलोदीचा २०१६ चा एक्कावन्न काढणार होते, इतक्यात भाच्यानं सांगितलं की दुसऱ्याच दिवशी लिटन वणव्यात जळालं. 'मानसं?' काकाजींनी विचारलं. बहुतेक निघाली, दोघं गेली. तेव्हापासून काकाजी इतर कोणत्याही गावाच्या आकड्याशी भांडतात, लिटनचा विषय निघाला तर 'त्याहीचं सोड' म्हणतात.

पण भाच्याच्या तोंडून निसटलेली एक गोष्ट त्यांनी पक्की धरून ठेवली. तो म्हणाला होता, 'आहे एकतीस, पण जाणवते चाळीस.'

'जाणवते म्हंजे?'

भाच्यानं समजावलं. कॅनडाचे हवामानवाले १९६५ पासून उष्णतेत दमटपणा मिसळून 'ह्युमिडेक्स' नावाचा वेगळा आकडा काढतात; अंगाला काय वाटतं त्याचा तो अंदाज. हा दमट हवेचा हिशेब असल्यामुळे आपल्याकडच्या मेच्या कोरड्या उन्हात त्यानं फारसा फरक पडत नाही, हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. पण तोवर काकाजींचं ऐकणं थांबलं होतं. सरकारी हवामान खातं 'जाणवते' असं लिहून देतं, एवढं त्यांना पुरेसं होतं. त्याला पेटी लागत नाही, पेपरातली चौकट लागत नाही.

पुढच्या एक मेला झेंडावंदन आटोपल्यावर टपरीवर गर्दी जमली. कुणीतरी नेहमीप्रमाणे विचारलं, 'किती हाय काकाजी?'

काकाजींनी दुपट्टा सैल केला. 'चंद्रपुरात काल चव्वेचाळीस पॉइंट दोन. गोंडपिपरीत जाणवते पन्नास.'

टपरीवर अभिमानाची लहर पसरली. एवढ्यात कोपऱ्यात वडापाव खात बसलेला, शेजारच्या ढाबा गावचा एक काकाजी तोंड पुसत उठला.

'हे काईच नाई,' तो म्हणाला. 'आमच्या ढाब्याले बावन जाणवते.'

साडेनऊच्या आत भंगाराम तळोधी चोपन्नवर गेली होती.